हिवाळ्याची विश्रांती आणि खाडा

हिवाळा हा विश्रांतीचा ऋतू, असे एका पुस्तकात वाचले तेव्हा मला घर आठवले. थंड प्रदेशात शेते बर्फाखाली जातात, झाडे पाने गाळून वाढ थांबवतात, काही प्राणी महिनोन् महिने झोपून काढतात. आयुर्वेदानेही हेमंत ऋतूत तेलाचे अभ्यंग, स्निग्ध आहार व उबदार वस्त्रे सांगितली आहेत. हे सारे खरे. परंतु आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे रिकामी होतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा; एका पिकावर वर्ष निघत नाही. मग माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे, तर काही थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. माझे आईवडील त्यांतलेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला.

ऊस नेमका थंडीतच का तोडतात? कोरड्या हवेत व थंड रात्री उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठत जाते. म्हणजे ऊस हिवाळ्यात विसावतो, म्हणूनच गोड होतो! पण तोडल्यावर त्यातील साखर घटू लागते, म्हणून तो लवकर गाळावा लागतो. कारखाना रात्रंदिवस चालतो. गाडी रात्री दोनला आली तरी उठून मोळ्या भराव्या लागतात. उसाला मिळालेली विश्रांती तोडणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

याचे कारण तीन शब्दांत आहे. 'उचल' म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम; ती तोडलेल्या टनांवर फेडायची. 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी. दोघांचा हिशेब एकच. आणि 'खाडा' म्हणजे चुकलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी नाहीच, वर दंड.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी फडावर गेलो होतो. एका पहाटे आईचे अंग तापाने फणफणले होते. मी म्हणालो, "आई, तू पडून राहा, मी मोळ्या बांधतो." ती म्हणाली, "तुला जमायचं नाही बाबा. खाडा पडंल." तरीही वडिलांनी तिला कोपीतच निजवले. आई दिवसाउजेडी झोपलेली मी प्रथमच पाहत होतो. संध्याकाळी मुकादमाने वहीत तिच्या नावावर पाचशे रुपये मांडले.

खाड्याचे भय किती खोल जाते, हे पुढे वाचनातून कळले. आमच्या जिल्ह्यातील अनेक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक आहेत. पाळीच्या दुखण्यात खाडा पडू नये, हे त्यांतले एक.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. विश्रांती ही कोणी दया म्हणून दिली नाही, ती हक्क म्हणून मागावी लागली. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मग कोयत्याला आठवड्यातून एक दिवस का नसावा? आजारपणाचा दिवस दंडाविना का नसावा?

मित्रांनो, परीक्षेच्या अभ्यासाला कंटाळून आपण थंडीत गोधडी ओढून घेतो, तेव्हा ती झोप वाईट नाही. शरीराला ती हवीच असते. विश्रांती म्हणजे आळस नव्हे. मात्र जिच्या श्रमावर मी शिकतो आहे, तिलाही ती मिळाली पाहिजे. मी नोकरीला लागलो की पहिल्या हिवाळ्यात आईला गावीच ठेवणार आहे. पण एकट्या माझ्या आईने घरी राहून प्रश्न सुटणार नाही. वहीतला खाड्याचा रकानाच पुसला गेला पाहिजे.