पदवीचा ताळेबंद

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी" ही म्हण आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत पाठ केलेली आहे. आज आमच्या गावात ती कोणी म्हटलीच, तर थट्टेने म्हणतो. कोरडवाहू रानात तूर, उडीद आणि सोयाबीन पिकविणारा शेतकरी मुलासाठी चाकरीच मागतो आणि मुलीसाठी चाकरीवाला जावई शोधतो. चाकरीचे दार पदवीने उघडते, या विश्वासावर दरवर्षी महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे प्रवेशाची रांग लागते. मीही त्याच रांगेतून वाणिज्य शाखेत आलो.

मागच्या उन्हाळ्यात वडिलांनी माझ्यापुढे एक प्रश्न टाकला. माझी धाकटी बहीण पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. थोरल्या भावाला पदवी मिळून दोन वर्षे झाली. तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत घरीच आहे. वडील म्हणाले, "थोरल्याला शिकवलं, तुला शिकवतोय. आता हिला कॉलेजात घालावं का नाही? तू हिशेबाचं शिकतोस ना? मग तूच हिशेब करून सांग." हा प्रश्न अनेक घरांत विचारला जात असेल, म्हणून मी केलेला हिशेब विद्यार्थिमित्रांपुढे मांडीत आहे.

प्रथम 'सुखाचे जीवन' म्हणजे काय, ते ठरविले पाहिजे. बंगला आणि मोटार असा अर्थ मी घेतलेला नाही. दरमहा ठरलेली रक्कम हाती येणे, घरात कोणी आजारी पडले तर सावकाराकडे जावे न लागणे, पाऊस हुकला तरी चूल न हुकणे आणि मुलांची फी वेळेवर भरता येणे, एवढाच अर्थ मी धरला आहे. आमच्या भागात एवढेही सहज मिळत नाही. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली दिलेल्या अहवालात कर्नाटकातील ३९ तालुके अतिमागास ठरविले. त्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातील होते.

नावे बाजू

पदवीचा खर्च विचारला की आपण फी, पुस्तके आणि बसचा पास यांची बेरीज करतो. अर्थशास्त्र याहून मोठा एक खर्च दाखविते. त्याला संधी-व्यय म्हणतात. एक गोष्ट निवडल्यामुळे जी दुसरी सोडावी लागली, तिचे मोल म्हणजे संधी-व्यय. तीन वर्षे वर्गात बसलो, म्हणून जी मजुरी बुडाली ती कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. पण घराला ती भरावीच लागते.

नमुन्यादाखल काही आकडे धरू. ते माझ्या कल्पनेतील आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपापले आकडे घालून पाहावेत. माझा एक शाळासोबती बारावीनंतर मोटारसायकलच्या गॅरेजात लागला. समजा, त्याला महिना ९,००० रुपये मिळाले. तीन वर्षांचे ३,२४,००० रुपये झाले. मी तेवढ्या काळात फी, पुस्तके आणि प्रवास यांवर वर्षाला २०,००० प्रमाणे ६०,००० रुपये खर्च केले. म्हणजे पदवी हाती येते त्या दिवशी माझ्या नावे ३,८४,००० रुपये पडलेले असतात. त्यांपैकी खिशातून गेलेले केवळ ६०,००० आहेत.

जमा बाजू

आता समजा, मला खाजगी कचेरीत १५,००० ची नोकरी लागली आणि तोपर्यंत मित्राची मजुरी १२,००० झाली. माझी आघाडी महिना ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपयांची. ३,८४,००० फिटण्यास १० वर्षे ८ महिने लागतील. तेव्हा मी बत्तिसाव्या वर्षात असेन. व्याज धरले तर मुदत आणखी लांबेल. गाठ पडली की मित्र म्हणतो, "तुझं शिकणं फिटलं की गाडी घेऊन ये, फुकट धुऊन देतो." हसण्यावारी नेले तरी त्याचे गणित चुकलेले नाही.

पण नोकरी ३०,००० ची लागली तर चित्र बदलते. आघाडी वर्षाला २,१६,००० रुपयांची होते आणि सारा खर्च पावणेदोन वर्षांच्या सुमारास फिटतो. म्हणजे पदवीची किंमत पदवीत नसून तिच्या पुढच्या दारात आहे. ही दारे कोणती, ते नीट पाहिले पाहिजे. कर्नाटकात द्वितीय दर्जा सहायक (एस.डी.ए.) या पदाला पी. यू. सी. पुरते, प्रथम दर्जा सहायक (एफ.डी.ए.) या पदाला पदवी लागते. बँकेत कारकून व्हायचे तरी पदवीच लागते. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २०१२ साली संसदेने ९८ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि त्यामुळे घटनेत कलम ३७१-जे आले. त्याआधारे २०१३ पासून पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटकातील, म्हणजे आजच्या कल्याण कर्नाटकातील, रहिवाशांना या भागातील शिक्षणसंस्थांत आणि सरकारी पदांत राखीव जागा मिळू लागल्या. हा हक्क रहिवासावर आहे, मातृभाषेवर नाही. घरात मराठी बोलणारा बीदरचा मुलगा आणि कन्नड बोलणारा कलबुर्गीचा मुलगा या बाबतीत समान आहेत. दाखला मात्र वेळेवर काढून ठेवला पाहिजे.

वाट पाहण्याचा खर्च

या हिशेबातील सर्वात अवघड रकाना माझ्या थोरल्या भावाचा आहे. पदवीनंतर दोन वर्षे तो घरी आहे. वरच्याच आकड्यांनी पाहिले, तर या दोन वर्षांत १२,००० प्रमाणे २,८८,००० रुपयांची मजुरी बुडाली आणि एकूण रक्कम ६,७२,००० झाली. यानंतर त्याने १५,००० चीच नोकरी धरली, तर हे फिटण्यास १८ वर्षे ८ महिने लागतील. तोवर वयाची एकेचाळीस उलटतील. ३०,००० ची लागली, तर तीन वर्षे आणि एक-दीड महिन्यात फिटेल.

हे गणित मांडले तेव्हा मला प्रथमच कळले की माझा भाऊ आळशी नाही. गावात त्याला तसे बोलतात. कधी कधी मीही बोललो आहे. मोठे दार उघडले तर दोन वर्षांची वाट सहज वसूल होते, म्हणून तो थांबला आहे. अडचण इतकीच की त्याच्यासारखे हजारो थांबलेले आहेत आणि जागा थोड्या आहेत. एकट्यापुरते बरोबर असलेले गणित सर्वांनी एकदम केले की चुकते.

देशाचे आकडेही हेच सांगतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, २०२२ साली भारतातील पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. यावरून "शिकला तो बेकार झाला" असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. काम शोधत असूनही ज्याला काम नाही, त्यालाच आकडेवारीत बेकार म्हणतात. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, तो बेकार राहूच शकत नाही. मिळेल त्या मजुरीला तो जातो. वाट पाहणे ही थोडेफार पाठबळ असणाऱ्यालाच परवडणारी गोष्ट आहे. शिवाय अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात असे दिसते की २५ वर्षांखालील पदवीधरांत बेकारी ४२ टक्क्यांहून अधिक असली, तरी पस्तिशीनंतर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे बहुतेकांना शेवटी काम मिळते. पण ते शिक्षणाला साजेसे असतेच असे नाही.

कर्नाटक शासनाने जानेवारी २०२४ मध्ये 'युवा निधी' योजना सुरू केली. पदवीनंतर सहा महिने नोकरी न मिळालेल्यास दरमहा ३,००० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे, अशी तिची तरतूद आहे. वाट पाहण्याच्या खर्चाला हा थोडा हातभार होय. १२,००० च्या जागी ३,००० आले, तरी महिना ९,००० ची तूट उरतेच.

कागद आणि कसब

पदवीधराला अधिक पगार का मिळतो, याची अर्थशास्त्रात दोन उत्तरे आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ साली 'मानवी भांडवल' हा विचार विस्ताराने मांडला: शिक्षणाने माणसाची काम करण्याची कुवत वाढते, म्हणून त्याला अधिक मोबदला मिळतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली वेगळी बाजू दाखविली: उमेदवाराची कुवत मालकाला दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे एक खूण म्हणून पाहतो. पुढे दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. बेकर यांना १९९२ साली आणि स्पेन्स यांना २००१ साली.

आपल्या बाजारपेठेत दोन्ही विचार खरे ठरतात. सरकारी भरतीत खुणेला किंमत आहे. ती नसेल तर अर्जच घेतला जात नाही. पण बीदरच्या गांधी गंजात किंवा कलबुर्गीच्या नेहरू गंजात जाऊन पाहा. अडतीचा दुकानदार पदवीचा कागद मागत नाही. तो विचारतो, "लेक्क बरतदेनु?" म्हणजे, हिशेब येतो का? १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. लागू झाला आणि लहान दुकानांनाही विवरणपत्रे भरणारा माणूस लागू लागला. कलबुर्गीच्या दालमिलांतही खातेवहीचे काम संगणकावर गेले आहे. पदवीच्या तीन वर्षांत ज्याने हे काम हाताने केले, त्याच्याकडे कागद आणि कसब दोन्ही असतात. केवळ गाईड पाठ करून उत्तीर्ण झालेल्याकडे नुसता कागद राहतो. आणि तो कागद शेजाऱ्याकडेही असतो.

भाषा हेही कसबच आहे. बँकांच्या कारकून भरतीच्या परीक्षा इंग्रजी-हिंदीखेरीज १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय २०२१ साली झाला. त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला प्रश्नपत्रिका मराठीत मिळेल. पण कर्नाटकातील शाखेत बसायचे, तर खिडकीशी आलेल्या माणसाशी कन्नडच बोलावी लागेल. दोन्ही भाषा येणाऱ्याला उदगीरही जवळ आणि कलबुर्गीही जवळ. ही आपल्या सीमाभागाची शिल्लक आहे. ती आपण हिशेबात धरीत नाही.

मुलीचे खाते

बहिणीचे खाते मात्र निराळे निघाले. मुलगा कॉलेजला गेला नाही, तर गॅरेज किंवा दुकान आहे. मुलगी गेली नाही, तर आमच्याकडे तिच्यापुढे लग्न असते, आणि तोवर घर आणि रान. त्या कामाची मजुरी कोणी देत नाही, म्हणून वहीच्या भाषेत तिचा संधी-व्यय फार कमी भरतो. तिच्या प्रवासाचा रकानाही जवळजवळ कोरा आहे. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्यातील साध्या सरकारी बसमधून स्त्रियांना भाडे पडत नाही. जमा बाजूला केवळ पगार नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शाळेत न गेलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुले आणि बारा वर्षे किंवा अधिक शिकलेल्या स्त्रीला १.८ मुले, असे आढळले. मूल केव्हा आणि किती, दवाखान्यात केव्हा जायचे, यात शिकलेल्या स्त्रीचा शब्द घरात चालतो. मी वर सांगितलेल्या सुखाच्या व्याख्येत हे बसते.

समारोप

आपल्या आजोबांच्या पिढीला पदवीसाठी हैदराबादला जावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी किंवा कन्नड घरातील मुलाला तिसरीच भाषा शिकून पुढे जावे लागे. १९८० साली गुलबर्गा विद्यापीठ झाले, २०२३ साली बीदर जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. दार जवळ आले, तशी त्यापुढची गर्दीही वाढली. म्हणून मला कर्मवीर भाऊराव पाटलांचा मार्ग आजही उपयोगी वाटतो. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढताना त्यांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व कॉलेजातही आणले. शिकता शिकता थोडे कमावले, तर नावे बाजू हलकी होते आणि कसबही हाताला लागते.

हा सारा हिशेब मी एका रात्री वडिलांना वाचून दाखविला. पदवीने सुख नक्की मिळेल असे मी सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो, की पुढचे दार ठरवून आणि हाताला काम ठेवून घेतलेली पदवी फिटते, नुसती वाट पाहण्यासाठी घेतलेली पदवी बुडीत खात्यात जाते. आणि बहिणीच्या खात्यात न शिकविण्याचा तोटाच मोठा आहे. थोरला भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता. तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो सकाळी एका कर-सल्लागाराकडे विवरणपत्रे भरण्यास जाऊ लागला. अभ्यास रात्री करतो.

वडिलांनी बराच वेळ विचार केला आणि विचारले, "आणि एवढं करून हिला नोकरी नाहीच लागली तर?"

मी म्हणालो, "तर तिच्या मुलांचा हिशेब ती स्वतः करील, आप्पा. तुमच्यासारखं तिला दुसऱ्याला विचारावं लागणार नाही."

वडील हसले. मग म्हणाले, "फॉर्म भरायची तारीख आली की सांग."