हवेच्या वाटेचा हिशेब

मॉल, मोठं रुग्णालय किंवा आयटी कंपनीचं कार्यालय यांच्या फॉल्स सीलिंगच्या वर जीआय पत्र्याचे चौकोनी डक्ट पसरलेले असतात. एएचयू म्हणजे हवा थंड करून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून निघालेली थंड हवा त्यांतून शेवटच्या खोलीपर्यंत पोचवायची असते. वाटेत बीम आडवा आला की डक्ट वळवावा लागतो. ते वळण गोलाईचं घेतलं की काटकोनात, याचा परिणाम इमारत उभी असेपर्यंत वीजबिलात दिसत राहतो.

समजा, मुख्य डक्टमध्ये हवा सेकंदाला ८ मीटर वेगाने वाहते आहे. या वेगामुळे हवेत असलेला दाब भरतो सुमारे ३८ पास्कल. आत पट्ट्या नसलेल्या काटकोनी एल्बोचा, म्हणजे वळणाच्या तुकड्याचा, तोटा-गुणांक साधारण १.२ धरतात, म्हणजे त्या एका कोपऱ्यात ४६ पास्कल गेले. ऐसपैस गोलाईच्या एल्बोचा गुणांक ०.२ च्या आसपास असतो, म्हणजे तोटा जेमतेम ८ पास्कल. सरळ डक्टमध्ये मीटरमागे ०.८ पास्कल हा कन्सल्टंटांच्या कार्यालयांत रुळलेला आकडा आहे. त्या मापाने एकटा काटकोनी कोपरा पन्नासहून जास्त मीटर सरळ डक्टइतका दाब खातो. डक्टमधून १०,००० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जात असेल, पंखा दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालत असेल, त्याची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर या एका कोपऱ्यापायी वर्षाला हजारएक युनिट जादा वीज लागते. आणि हवेच्या सगळ्यात लांबच्या वाटेवर असा एकच कोपरा असतो असंही नाही.

हा हिशेब मांडणं हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्याला एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एअर कंडिशनिंग) डिझाइन म्हणतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर घरोघरी जी चर्चा चालते, तिच्यात हे नाव क्वचितच निघतं. ‘मेकॅनिकल घेऊन पुढे काय, कारखान्यातच जायचं ना?’ या प्रश्नाशी गाडी अडते, आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडणारी मुलंही निव्वळ धास्तीपोटी दुसऱ्या शाखेकडे वळवली जातात.

काम चालतं कसं? आधी खोलीगणिक उष्णतेचा भार काढतात. त्यावरून प्रत्येक खोलीला किती हवा लागेल ते ठरतं. मग रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं त्रिमितीय मॉडेल घेऊन त्यात डक्ट आणि पाइप बसवतात. सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याचा प्रेशर ड्रॉप काढून अहवाल देतं. सर्वाधिक दाब खाणारी वाट म्हणजे ‘इंडेक्स रन’. पंखा निवडायचा तो तिच्यावरून.

इथवर सगळं यंत्र करतं असं वाटेल, पण खरी परीक्षा इथेच सुरू होते. मॉडेलमध्ये एखादा डिफ्यूझर, म्हणजे खोलीत हवा सोडणारी जाळी, डक्टला जोडल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात जोड सुटलेला असतो. मग त्या फांदीतला प्रवाह हिशेबात येतच नाही आणि अहवालातला आकडा भलताच कमी दिसतो. फिल्टर, कॉइल, फायर डॅम्पर यांचा तोटा उत्पादकाच्या तक्त्यावरून स्वतः भरावा लागतो. तो राहिला तर पंखा छोटा निवडला जातो आणि शेवटच्या खोलीतल्या लोकांना उकडत राहतं. याच्या उलट, भीतीपोटी आकडे फुगवले तर गरजेपेक्षा मोठा पंखा बसतो. पंख्याची वीज त्याच्या वेगाच्या घनाने बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी करता आला, तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून कागदावर पाच मिनिटांत ढोबळ हिशेब करून ‘हा आकडा पटत नाही’ म्हणू शकणाऱ्या मुलाची किंमत नुसत्या सॉफ्टवेअर चालवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

चिलरच्या पाण्याच्या पाइपांनाही हेच शास्त्र लागू पडतं. फक्त पंख्याच्या जागी पंप येतो. डार्सी आणि वाइसबाख यांच्या नावाचं समीकरण एकोणिसाव्या शतकातलं, आणि घर्षणाचा गुणांक काढायचा मूडींचा आलेख १९४४ चा. दोन्ही आजही दुसऱ्या वर्षाच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकवतात. तेवढ्याच पाण्यासाठी पाइपचा व्यास निम्मा केला, तर दाबाचा तोटा ढोबळमानाने ३२ पट होतो. परीक्षेत गुण मिळवून हे विसरून जाणारा विद्यार्थी या क्षेत्रात चाचपडतो.

मागणी कुठून येते हे पाहायला फार लांब जायला नको. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर थंड ठेवणं हा धंद्याचा कणा आहे. गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत शेजारच्या दोन खोल्यांमधला काही पास्कलचा फरक सतत राखावा लागतो, नाहीतर एका औषधाची भुकटी दुसऱ्यात जाईल. मुंबई मेट्रो ३ च्या २७ पैकी २६ स्थानकं भुयारी आहेत. तिथे आग लागली तर धूर कोणत्या दिशेला ढकलायचा आणि माणसं कोणत्या दिशेने बाहेर काढायची, याचं गणित आधीच करून ठेवलेलं असावं लागतं. कोविडच्या काळात इमारतीतली हवा खेळती कशी ठेवायची, याच्या सूचना एप्रिल २०२० मध्येच ‘इश्रे’ या अभियंत्यांच्या भारतीय संस्थेने काढल्या होत्या. २०१९ च्या केंद्र सरकारच्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅननुसार देशाची शीतकरणाची गरज २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होणार आहे.

इथे यायच्या वाटा तीन. दहावीनंतर आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड, दहावीच्याच गुणांवर मिळणारा मेकॅनिकल डिप्लोमा, किंवा बारावीनंतर सीईटी देऊन इंजिनिअरिंग. डिप्लोमावाल्याला पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि साइटवर पत्रा हाताळलेला असा मुलगा डिझाइन टेबलावर बसला की त्याच्या ड्रॉइंगमध्ये अशक्य वळणं दिसत नाहीत. आयटीआय-डिप्लोमाची वाट ‘कमी गुणवाल्यांची’ समजणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. ‘मुलीला मेकॅनिकल नको’ हा जुना आक्षेपही इथे टिकत नाही. डिझाइन, सिम्युलेशन, ऊर्जा-विश्लेषण ही कामं कन्सल्टंटच्या कार्यालयात बसून होतात.

पगाराबाबत मात्र स्पष्ट बोललेलं बरं. सुरुवातीचा आकडा आयटीतल्या बड्या नावांच्या तोडीचा नसतो, आणि पहिल्या काही वर्षांत हेल्मेट घालून साइटवरही जावं लागतं. डॅम्पर (डक्टमधल्या झडपा) फिरवत, यंत्राने हवा मोजत खोल्यांचं बॅलन्सिंग करणं हे घामाचं काम आहे. पण मॉडेलमधला आकडा आणि प्रत्यक्षातली हवा यांतलं अंतर तिथेच कळतं, आणि पुढे पुण्या-मुंबईत असो वा दुबई-दोह्यात, अनुभवाला भाव मिळतो तो त्यासाठीच.

महागड्या सर्टिफिकेट कोर्सची फी भरण्याआधी फुकट मिळणारं पाहून घ्यावं. रेव्हिट विद्यार्थ्यांना शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतं. फ्लुइड मेकॅनिक्सची उत्तम व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत. ओपनफोम हे प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो. कॉलेजमध्ये इश्रेचा विद्यार्थी विभाग असेल तर पहिल्याच वर्षी सभासद व्हावं.

आणि पालकांनो, प्रवेशाचा फॉर्म भरण्यापूर्वी एक करा. ओळखीच्या एखाद्या रुग्णालयाच्या किंवा मॉलच्या मेंटेनन्स इंजिनिअरला विनंती करून मुलाला किंवा मुलीला एएचयू रूम दाखवून आणा. तिथून बाहेर पडताना ते प्रश्न विचारत असतील, तर ही शाखा नि:शंक मनाने यादीत वर लिहा.