एचआयव्ही, नशा आणि अळंब्यांचे औषध

एमडी, मेथ, कोकेन ही उत्तेजक नशा. ती झोप आणि भूक मारते. एचआयव्हीसह जगणाऱ्याच्या एआरटीच्या गोळ्या त्यात चुकतात आणि दबलेला विषाणू पुन्हा वाढतो. हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोनसारखी औषधे आहेत. उत्तेजक नशेवर असे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. म्हणूनच संशोधकांचे लक्ष विशिष्ट अळंब्यांतील 'सायलोसायबिन' या द्रव्याकडे गेले आहे.

प्रयोग काय होता?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाने एड्सच्या भीषण काळातून वाचलेल्या, पण मनाने खचलेल्या १८ समलिंगी पुरुषांवर हा प्रयोग केला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध प्रत्येकाला एकदाच, देखरेखीखाली दिले. गटात बसून मन मोकळे करण्याच्या बैठका मात्र आठ ते दहा झाल्या. खचलेपण कमी झाले. काहींना औषधाच्या वेळी घबराट झाली, रक्तदाब वाढला.

हा प्रयोग खचलेपणावर होता, व्यसनावर नव्हे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे गुण औषधाचा की बैठकांचा, हे त्यावरून ठरत नाही. व्यसनावरील उपयोग अजून संशोधनातच आहे.

आज कशाचा उपयोग होतो?

उत्तेजक नशेवर सर्वांत भक्कम पुरावा एका साध्या पद्धतीचा आहे : लघवीच्या तपासणीत नशा आढळली नाही की लगेच छोटे बक्षीस. सोबत समुपदेशन.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

१. 'अळंबीने व्यसन सुटते' म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका. भारतात सायलोसायबिनवर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने बंदी आहे. स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्यांना ते फार घातक ठरू शकते.

२. नशा केली त्या दिवशीही एआरटीची गोळी स्वतःहून बंद करू नये. रिटोनाविर हे औषध चालू असताना काही नशेची द्रव्ये रक्तात जास्त साचतात आणि जिवावर बेतू शकते. म्हणून काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

३. मुलाला घराबाहेर काढू नका, चारचौघांत बोलू नका. एकटा पडलेला माणूस पुन्हा नशेकडेच वळतो. संमतीशिवाय कोणाचा एचआयव्ही उघड करणे २०१७ च्या कायद्याने मना आहे.

४. एचआयव्हीविषयी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो. सरकारी एआरटी केंद्रात औषधेही मोफत आहेत.

औषध येईल तेव्हा येईल. जवळ बसून ऐकून घेणारे माणूस घरात आजही असू शकते.