साखर कारखान्यातील टाकाऊ द्रव्ये आणि जमिनीचे देणे

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या पूर्वेस, श्रीपूर हे गाव आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना याच ठिकाणी उभा राहिला. पुढे साखरेच्या जोडीला आसवनी आली आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भोवतालचा मुलूख उसाखाली आला. गाळप हंगामात येथे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. ऊस आत जातो व साखरेची पोती बाहेर पडतात, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. परंतु त्याच कारखान्यातून आणखी काय काय बाहेर पडते व त्यातील किती भाग आपल्या शेताचा आहे, याचा विचार फारसा होत नाही. तो करणे हा या पाठाचा हेतू आहे.

जमिनीतून नेमके काय जाते?

शुद्ध साखर ही कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू या तीनच मूलद्रव्यांची बनलेली असते. ही तिन्ही उसास हवेतून व पाण्यातून मिळतात. म्हणजे साखरेच्या पोत्याबरोबर जमिनीचे नत्र, स्फुरद वा पालाश यांपैकी काहीही परगावी जात नाही. उसाच्या मुळांनी जमिनीतून उचललेली अन्नद्रव्ये कारखान्याच्या टाकाऊ पदार्थांत व शेतात राहिलेल्या पाचटातच शिल्लक असतात. हे पदार्थ वाया गेले तर जमिनीचे भांडवल वाया जाते. ते योग्य रीतीने परत आले तर जमिनीचे देणे काही अंशी फिटते.

सर्वसाधारणपणे 100 टन ऊस गाळला असता 28 ते 30 टन ओले चिपाड, 3 ते 4 टन प्रेसमड व 4 टनांच्या आसपास मळी मिळते. बोलण्यात ‘मळी’ हा शब्द दोन्ही पदार्थांस लावला जातो व त्यामुळे घोटाळा होतो. या पाठात रस निवळताना तळाशी बसणाऱ्या गाळास प्रेसमड व साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या, दाट द्रवास मळी म्हटले आहे. चिपाड बहुतांशी बॉयलरमध्ये जळते व त्याची राख होते. मळी आसवनीत जाते. शेतकऱ्याच्या हाती थेट येऊ शकते ते प्रेसमडच.

प्रेसमडचे गुणधर्म

उसाच्या रसात चुन्याची निवळी व गंधकाचा धूर सोडून रस स्वच्छ करतात. तळाशी बसलेल्या गाळात रसाबरोबर आलेली माती, मेण, तंतू, चुना व स्फुरद हे सर्व एकत्र असते. ताज्या प्रेसमडमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असते. वाळलेल्या प्रेसमडमध्ये नत्र 1 ते 2 टक्के व स्फुरद सुमारे 2 टक्के भरते. पालाश मात्र कमी असते.

रस निवळण्याची दुसरी एक पद्धत आहे. तीत चुना पुष्कळ वापरून त्यात कर्बवायू सोडतात. अशा कारखान्याच्या गाळात चुनखडीचे प्रमाण फार असते. तो आम्ल जमिनीस उपयोगी पडतो, पण सोलापूरकडील काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर असल्याने येथे तो घालू नये. आपल्याकडे गंधकाची पद्धतच प्रचलित आहे, तरीही बाहेरगावाहून गाळ आणताना तो कोणत्या पद्धतीचा आहे याची चौकशी अवश्य करावी.

ताजा प्रेसमड शेतात का घालू नये?

कारखान्यातून ट्रॉली भरून आणावी, सरीत रिकामी करावी व लगेच बेणे दाबावे, असा प्रकार ऊसपट्ट्यात अनेक ठिकाणी घडतो. ताजा प्रेसमड कुजताना मोठी उष्णता निर्माण होते व बेण्याचे डोळे होरपळतात. कुजविणारे जीवाणू जमिनीतील नत्र स्वतःसाठी वापरतात, त्यामुळे उगवलेला ऊस पिवळा पडतो. त्यातील मेणामुळे गोळे लवकर फुटत नाहीत. न कुजलेल्या खतात हुमणीस आश्रय मिळतो, ही हानी निराळीच. मग शेतकरी म्हणतो, “मळीने ऊस बिघडला.” वास्तविक दोष पदार्थाचा नसून घाईचा असतो.

कंपोस्ट करण्याची रीत

1. जागा उंचवट्याची, निचऱ्याची व विहिरीपासून दूर असावी. ओढ्याच्या काठी ढीग कधीही घालू नये.

2. तळाशी बारीक केलेल्या पाचटाचा वीतभर थर द्यावा. त्यावर प्रेसमडचा तेवढाच थर द्यावा. थरावर शेणकाला शिंपडावा व थोडी राख भुरभुरावी. एक टन प्रेसमडास एक किलो कंपोस्ट जीवाणू संवर्धक शेणकाल्यात मिसळून वापरल्यास कुजण्याची क्रिया लवकर होते.

3. ढिगाची रुंदी सुमारे 2 मीटर व उंची 1 ते सव्वा मीटर ठेवावी. लांबी सोयीप्रमाणे असावी.

4. ओलावा पारखण्यासाठी मूठभर खत दाबून पाहावे. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. ताज्या प्रेसमडमध्ये पाणी बरेच असल्याने आरंभी वरून पाणी देण्याची गरज बहुधा पडत नाही.

5. दर 15 दिवसांनी ढीग वरखाली करावा. पहिल्या काही आठवड्यांत आत हात ठेववत नाही इतकी उष्णता वाढते. तिच्यामुळे तणांचे बी व रोगजंतू मरतात.

6. 10 ते 12 आठवड्यांत खत तयार होते. ते काळपट व भुसभुशीत दिसते, त्यास दुर्गंधी नसते आणि ढीग हलविल्यावर तो पुन्हा तापत नाही. पुन्हा तापला तर अजून अवधी द्यावा.

जानेवारीत घातलेला ढीग एप्रिलपर्यंत तयार होतो व जुलै-ऑगस्टच्या आडसाली लागणीस निर्धास्तपणे वापरता येतो. लागणीपूर्वी एकरी 3 ते 4 टन कंपोस्ट सरीत देऊन मातीत मिसळावे. चोपण जमिनीत त्याचा विशेष उपयोग होतो, कारण सेंद्रिय आम्ले व गंधक यांच्यामुळे जमिनीतील चुना विरघळून जमीन मोकळी होण्यास मदत होते. मात्र चर खणून निचरा केल्याशिवाय आणि माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम दिल्याशिवाय केवळ प्रेसमडने चोपण जमीन सुधारेल, अशी अपेक्षा धरू नये.

हिशेब स्वच्छ असावा

एकरी 40 टन ऊस गेला तर त्यापासून 1200 ते 1600 किलो ताजा प्रेसमड निघतो. वाळल्यावर तो 350 ते 500 किलो भरतो व त्यातून 7 ते 10 किलो स्फुरद मिळते. म्हणजे एकरी 10 टन प्रेसमड ओतणारा शेतकरी सहा-आठ एकरांचा वाटा एकट्या एकरात घालतो व इतरांच्या जमिनी रित्या राहतात. सर्वांस पुरेल इतका प्रेसमड नाही.

ही उणीव भरून काढणारा पदार्थ शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधाआतच असतो. तो म्हणजे पाचट. एका एकरातून 3 ते 4 टन पाचट मिळते. ते पेटविले की त्यातील सेंद्रिय कर्ब व बहुतेक नत्र धुरावाटे नाहीसे होते. एकीकडे काडी लावून पाचट जाळावयाचे आणि दुसरीकडे भाडे भरून प्रेसमड आणावयाचा, हा उलटा व्यवहार आहे. खोडव्यात पाचट सरीत पसरून कुजवावे किंवा वरील ढिगात वापरावे.

आसवनीचे सांडपाणी व पालाश

उसाने उचललेले पालाश बहुतांशी मळीत उतरते व मळीपासून मद्यार्क काढल्यावर ते स्पेंटवॉश नावाच्या तपकिरी सांडपाण्यात राहते. एक लिटर मद्यार्कामागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. तो आम्ल असतो व त्यात क्षार व सेंद्रिय भार अतोनात असतो. असे कच्चे पाणी ओढ्यात गेल्यास मासे मरतात व जमिनीत मुरल्यास विहिरींचे पाणी बिघडते. म्हणून 1974 च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यान्वये ते सोडण्यावर निर्बंध आहेत. “फुकट खत” म्हणून कोणी कच्च्या स्पेंटवॉशचा टँकर शेतात रिकामा करू म्हणाला, तर शेतकऱ्याने ठाम नकार द्यावा. बिघडलेली विहीर फुकटात सुधारत नाही.

आसवनीच्या आवारात प्रक्रिया केलेला स्पेंटवॉश ठरावीक प्रमाणात प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट केले जाते. अलीकडे तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात व त्याच्या राखेपासून दाणेदार पालाश खत बनवितात. त्यात किमान 14.5 टक्के पालाश असावे लागते. केंद्र सरकारने 2021 मध्ये या खतास अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेत स्थान दिले. आपला देश पालाशयुक्त खतांसाठी परदेशांवर अवलंबून आहे, हे ध्यानात घेता या राखेचे मोल कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पोलाद कारखान्यांनी भट्टीतील धातुमळ दळून स्फुरद खत म्हणून विकला होता. आपल्याकडील हा प्रयत्न त्याच वाटेवरचा आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी गाळप हंगामात एक ढीग शेतकऱ्यांच्या हातून घालून घ्यावा. त्याच शेतात एका सरीत ताजा प्रेसमड, दुसरीत कुजलेला व तिसरीत काहीच नाही, अशी लागण करून दीड महिन्याने तिन्ही सऱ्यांतील उगवलेले कोंब शेतकऱ्यांकडूनच मोजून घ्यावेत. भाषणापेक्षा ही मोजदाद अधिक पटते. माती परीक्षण करून कंपोस्टमधून मिळणाऱ्या अन्नद्रव्यांच्या प्रमाणात रासायनिक खतांची मात्रा कशी बेतावी, हेही समजावून द्यावे.

शेतकरी बंधूंनी तीन गोष्टी ध्यानी धराव्यात: प्रेसमड कुजवूनच घालावा, पाचट जाळू नये आणि कच्चे सांडपाणी शेतात घेऊ नये. या तीन गोष्टी पाळल्या तर उसाबरोबर बांधाबाहेर गेलेले जमिनीचे धन पुष्कळ अंशी बांधाआत परत येईल.