बालवाडीत मूल पाठवताना

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग वरच्या वर्गांच्या शाकारलेल्या छपराला लागली. ९४ मुले गेली. जिना अरुंद होता.

बालवाडीत आपण डबा, अक्षरे विचारतो. चूल कुठे, बाहेरच्या वाटा किती, हे क्वचितच. यात संकोच कसला? सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग, असे या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले आहे.

घाबरलेले लहान मूल पुष्कळदा पळत नाही, लपते. म्हणून त्याला आगीची भीती घालू नका. बाईंनी टाळी वाजवली की हात धरून अंगणात जायचे, एवढा खेळ दर आठवड्याला होऊ द्या. रडणाऱ्याचा हात बाईंनी स्वतः धरावा.