घरगुती पाठ : न शिजवता साबण करणे



वस्तीभेटीला निघताना आपल्या पिशवीत औषधाची पेटी, मुलांसाठी पाट्या-वह्या आणि साबणाच्या वड्या असतात. हा साबण विकत घेण्याऐवजी घरी करता येईल का, असे अनेक भगिनी विचारतात. करता येतो. त्याला भट्टी लागत नाही, सरपणही जवळजवळ लागत नाही. पण तो काळजीने केला नाही तर ज्यांना मदत करायची त्यांनाच इजा होते. म्हणून पाठ सुरू करण्याआधी आमची एक चूक सांगते.

आमची चूक

पाथर्डी तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. टोळी निघण्यापूर्वी वस्तीवरच्या घरांत साबण द्यावा, अशी माझी इच्छा होती. खोबरेल कमी पडले. तेल ते तेलच, असे समजून मी तेवढेच शेंगदाणा तेल घातले. कॉस्टिक सोड्याचे माप मात्र तेच ठेवले. वड्या तीन आठवड्यांतच वाटल्या.

चैत्रात टोळी परतली. एक आजी चिंधीत गुंडाळलेली वडी घेऊन आली. वडी जेमतेम झिजली होती. ती म्हणाली, "बाई, साबन चांगलाय, पर हाताला झोंबतोय. तुम्ही दिला म्हून टाकला नाय." कोयत्याने आधीच चिरलेल्या तिच्या हातांना मी दिलेला साबण जाळत होता, आणि तिने तक्रारसुद्धा केली नाही. गरीब माणूस भेट परत करत नाही. म्हणून भेट तपासण्याची जबाबदारी देणाऱ्यावरच असते. हा पाठ त्या वडीतून निघाला आहे.

साबण म्हणजे काय?

आपल्याकडे पूर्वी रिठा, शिकेकाई आणि चुलीची राख यांनी धुणे होत असे. रिठ्यात फेस देणारे द्रव्य मुळातच असते. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा सोडवतो. बायबलमध्येही यिर्मया आणि मलाखी यांच्या पुस्तकांत धुण्याच्या क्षाराचा उल्लेख आहे. साबणात तेल आणि तीव्र क्षार एकमेकांशी संयोग पावतात. त्यातून साबण आणि ग्लिसरीन ही दोन नवी द्रव्ये तयार होतात. याला साबणीकरण म्हणतात. घरच्या साबणात ग्लिसरीन वडीतच राहते, त्यामुळे कातडी कमी कोरडी पडते.

वडीसाठी लागणारा क्षार म्हणजे कॉस्टिक सोडा. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा सोडा वेगळा. ते दोन्ही येथे चालत नाहीत. मोरी साफ करण्याची तयार पूडही घेऊ नये, तिच्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात.

प्रत्येक तेलाची भूक वेगळी

पाठाचा गाभा येथे आहे. १०० ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे इतका कॉस्टिक सोडा लागतो :

खोबरेल – १८.३ ग्रॅम
पामतेल – १४.२ ग्रॅम
मोहाच्या बियांचे तेल – १३.७ ग्रॅम
शेंगदाणा तेल – १३.६ ग्रॅम
करडई तेल – १३.६ ग्रॅम
एरंडेल – १२.८ ग्रॅम

आता १ किलो तेलाचा हिशेब पाहू :

खोबरेल ३०० ग्रॅम – ५४.९
मोहाचे तेल ३०० ग्रॅम – ४१.१
शेंगदाणा तेल ३५० ग्रॅम – ४७.६
एरंडेल ५० ग्रॅम – ६.४
एकूण कॉस्टिक सोडा – १५० ग्रॅम

पण पूर्ण १५० ग्रॅम घालायचा नाही. ५ टक्के कमी, म्हणजे १४२ ग्रॅम घालायचा. थोडे तेल शिल्लक राहते, सोडा शिल्लक राहत नाही. ही ८ ग्रॅमची उशी आहे. तेलाच्या प्रतीत थोडा फरक असला तरी ती सांभाळून घेते. एक चमचा जास्त पडला तर मात्र उशी संपते.

माझी चूक आता तुम्हीच काढू शकाल. ३०० ग्रॅम खोबरेलाच्या जागी शेंगदाणा तेल घातल्यावर एकूण गरज १३६ ग्रॅमवर आली. मी घातला १४२ ग्रॅम. ६ ग्रॅम सोडा मोकळाच राहिला. तोच आजीच्या हाताला झोंबला. म्हणून तेल बदलले की हिशेब पुन्हा करावा आणि वाटीने न मोजता १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर सर्व वजन करावे. पाणीसुद्धा वजनानेच घ्यावे.

मोहाचे तेल अकोले तालुक्यासारख्या सह्याद्रीच्या आदिवासी भागात मिळते. त्याने वडी चांगली घट्ट होते. पण पुष्कळ आदिवासी घरांत ते खाण्याचे तेल आहे. घरच्या पोटाला पुरून उरले तरच ते साबणाला घ्यावे. ते नसेल तर पामतेल घ्यावे आणि हिशेब नव्याने मांडावा. खोबरेल मात्र वगळू नये. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, नुसता चोथा होतो. खोबरेलाचा साबण अशा पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो. एरंडेल तो फेस टिकवते.

सावधगिरी

१. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो. रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा, लांब बाह्या आणि पायात बंद चपला-बूट असावेत.
२. मुले आणि जनावरे दूर ठेवावीत. काम उघड्या ओसरीत करावे. पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवावी.
३. अॅल्युमिनियमचे पातेले कधीही वापरू नये. सोडा त्याला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. चांगले स्टील किंवा जाड प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात नेऊ नयेत.
४. सोडा पाण्यात घालावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते.
५. सोड्याचे पाणी थंड पेयाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत एक क्षणही ठेवू नये. ते पाण्यासारखेच दिसते. तहानलेले मूल विचारून पीत नाही.
६. अंगावर उडाले तर कपडा काढून वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धुवावे. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नये. डोळ्यात गेले तर तसेच २० मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. पोटात गेले तर उलटी करवू नये, लगेच रुग्णालयात न्यावे.

कृती

३०० ग्रॅम पाणी घ्यावे. गाळलेले पावसाचे पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर उत्तम. बॅटरीच्या दुकानातून आणत असाल तर बाटलीवरचे नाव नीट वाचावे, कारण तेथे आम्लही विकतात. त्या पाण्यात १४२ ग्रॅम सोडा थोडा थोडा टाकून स्टीलच्या चमच्याने ढवळावा. पाणी आपोआप खूप तापते आणि झोंबरी वाफ येते. तोंड बाजूला ठेवावे. विरघळल्यावर झाकून निवू द्यावे.

दुसऱ्या भांड्यात तेले एकत्र करावीत. खोबरेल किंवा मोहाचे तेल गोठले असेल तर थोडे कोमट करावे. दोन्ही भांडी बाहेरून कोमट लागली, म्हणजे सुमारे ४० अंश झाली, की सोड्याचे पाणी बारीक धारेने तेलात ओतावे आणि ढवळत राहावे. हाताने ढवळल्यास अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही लागतो. विजेच्या हातरवीने काही मिनिटांतच मिश्रण दाटते. चमच्यातून सांडलेली धार पातळ पिठल्यासारखी वरच रेघ धरून राहिली, म्हणजे मिश्रण साच्यात ओतायला तयार झाले.

साचा म्हणून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली लाकडी पेटी चालते. दुधाचे जाड पुठ्ठ्याचे खोके आतून अॅल्युमिनियमचा पत्रा लावलेले असते, ते टाळावे. साचा झाकून, जुन्या गोधडीत गुंडाळून एक-दोन दिवस हलवू नये. मग हातमोजे घालून वड्या कापाव्यात आणि हवेशीर सावलीत, एकमेकींना न चिकटवता मांडाव्यात. या मापात १०० ग्रॅमच्या सुमारे १२ वड्या होतात.

देण्यापूर्वी तपासणी

सहा आठवडे थांबावे. या काळात पाणी उडते, वडी कडक होते आणि सौम्य वाटू लागते. पण सोडा मुळातच जास्त असेल तर वाट पाहून चूक भरून निघेल, असे समजू नये.

वर पांढरी भुकटी दिसली तर बहुधा हवेशी लागून झालेला थर असतो. तो पुसून टाकावा. वडी कापल्यावर आत पांढरे ठिपके, ओलसर खिसे किंवा पाझरणारे पाणी दिसले तर ती वाटू नये. ओल्या वडीवर पीएच कागद लावावा. साधारण ९ ते १० चा रंग ठीक. ११ च्या जवळ गेला तर तो घाणा बाजूला ठेवावा. शेवटी आठवडाभर स्वतः हात धुऊन पाहावे. आपल्या लेकराच्या अंगाला लावण्याचे धाडस होत नसेल तो साबण वस्तीवर नेऊ नये.

दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. हा साबण औषध नाही. खरूज किंवा नायटा साबणाने बरा होत नाही. खरजेला सर्व घराने एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात, त्यासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कडुनिंबाचे तेल घातले म्हणूनही असा दावा करू नये. दुसरे, अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. बचत गटाने विक्रीसाठी करायचा ठरवल्यास सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे परवाना लागतो. त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी करावी.

खर्चही प्रामाणिकपणे मांडावा. तेल, सोडा, हातमोजे सगळे धरल्यावर घरची वडी बाजारच्या स्वस्त वडीपेक्षा महाग पडू शकते. तसे असेल तर बाजारची वडी नेण्यात कमीपणा नाही. मुलांचे हात जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने धुतले जावेत, हा आपला हेतू आहे.

नाताळात वाटायचा साबण ऑक्टोबर संपण्यापूर्वी करावा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी तो ऑगस्टमध्येच करावा लागेल. पावसाळ्यात वड्यांना घाम येतो, म्हणून त्या आडोशाला आणि वाऱ्यावर ठेवाव्यात.

त्या आजीला आम्ही पुढच्या खेपेला नवी वडी दिली. या वेळी तिच्यासमोर आधी मी हात धुतले, मग तिने.

उजळणीसाठी प्रश्न

१. सोडा पाण्यात का घालावा, पाणी सोड्यावर का ओतू नये?
२. वरील मापात मोहाच्या तेलाऐवजी ३०० ग्रॅम पामतेल घेतले तर ५ टक्के वजा करून किती सोडा लागेल? (उत्तर : सुमारे १४४ ग्रॅम.)
३. आपल्या मंडळीने दिलेली एखादी भेट घेणाऱ्याला उपयोगी पडली की नाही, हे आपण शेवटचे कधी विचारले?

आपली सेवेतील बहीण,
तिसगाव