खारा वारा केव्हा सुटणार?

फेब्रुवारी महिना संपत आलेला असतो. पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते आणि दुपारी शाळेच्या पत्र्याखाली बसवत नाही. कोकणातील आंबा-बागायतदाराच्या दृष्टीने हे दिवस मोठे नाजूक असतात. कुठे झाडावर मोहोर असतो, कुठे वाटाण्याएवढी कणी धरलेली असते, तर कुठे गोटीएवढ्या कैऱ्या लागलेल्या असतात. अशा वेळी दोनच दिवस कडक उन्हाचे आले, तरी झाडाखाली कोवळ्या फळांचा सडा पडतो. म्हणून बागायतदार रोज हवामानाचा अंदाज कान देऊन ऐकतो.

समजा, त्याने एके दिवशी पुढील अंदाज ऐकला:

"कोकण-गोव्यात हवामान कोरडे राहील. उत्तर कोकणात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट येण्याची शक्यता आहे. वारे पूर्वेकडून वाहतील. दोन दिवसांनंतर कमाल तपमानात २ ते ३ अंशांनी घट होईल."

हा अंदाज आम्ही नमुन्यादाखल रचला आहे. पण या दिवसांत प्रसिद्ध होणारे अंदाज साधारणपणे असेच असतात. यातील कोणते वाक्य सर्वांत महत्त्वाचे? बहुतेक जण 'उष्णतेची लाट' या शब्दांकडे बोट दाखवतील. पण हवामानशास्त्रज्ञाची नजर आधी जाईल ती तिसऱ्या वाक्याकडे: 'वारे पूर्वेकडून वाहतील.' असे का, ते आता पाहू.

आधी शब्दांचे अर्थ

अंदाजातला प्रत्येक शब्द मोजूनमापून वापरलेला असतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशाचे ३६ हवामान-उपविभाग पाडले आहेत. महाराष्ट्र आणि गोवा मिळून त्यांपैकी चार उपविभाग होतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातील फार तर एकचतुर्थांश ठिकाणी. तेव्हा अंदाजात 'तुरळक ठिकाणी' म्हटले असताना तुमच्या गावी लाट आली नाही, म्हणून अंदाज चुकला असे म्हणता येत नाही.

'उष्णतेची लाट' या शब्दांनाही नेमकी व्याख्या आहे. सपाट प्रदेशात कमाल तपमान निदान ४० अंश सेल्सिअस झाल्याखेरीज लाटेचा विचारच होत नाही. किनाऱ्यावर मात्र ही मर्यादा ३७ अंशांची आहे. शिवाय ते तपमान त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. किनाऱ्याला अशी सवलत का? कारण तेथे समुद्र शेजारी असतो, आणि समुद्र सहसा तपमान इतके चढूच देत नाही.

समुद्राची राखण

पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. एक किलोग्रॅम पाण्याचे तपमान एक अंशाने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे एकचतुर्थांश उष्णतेत एक किलोग्रॅम कोरडी माती तेवढीच तापते. शिवाय समुद्रात ऊन खोलवर शिरते आणि लाटा पाणी घुसळत राहतात. त्यामुळे उष्णता मोठ्या थरात वाटली जाते. जमिनीचा मात्र वरचा पातळ थरच सगळे ऊन झेलतो.

सकाळी दहा-अकरा वाजेपर्यंत कोकणची जमीन तापते. तिच्यावरची हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि तेथील हवेचा दाब कमी होतो. समुद्रावरची हवा तुलनेने थंड व जड असते. ती जमिनीकडे वाहू लागते. हाच खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट दिशेने, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, मतलई वारा वाहतो. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही हे वाचले असेलच.

पुस्तकात नसलेली गोष्ट अशी की, कोकणात दिवसाचे कमाल तपमान बऱ्याच अंशी खारा वारा किती वाजता सुटतो यावर ठरते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोमवारी अकरा वाजता तपमान ३० अंश आहे. साडेअकराला खारा वारा सुटला. तपमानाची चढण तेथेच थांबली आणि दिवसाचा उच्चांक ३२ अंशांवर राहिला. मंगळवारीही अकरा वाजता ३० अंशच होते. परंतु खारा वारा अडीच वाजेपर्यंत आलाच नाही. मधल्या तीन तासांत जमीन तापत राहिली आणि पारा ३७-३८ अंशांवर गेला. सूर्य दोन्ही दिवशी तोच, आकाशही तितकेच निरभ्र. फरक पडला तो तीन तासांचा!

वाट कोण अडवतो?

खाऱ्या वाऱ्याची वाट अडवतो तो पूर्वेचा वारा. हिवाळ्याच्या अखेरीस मध्य भारतावर कधी कधी हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते. त्याला प्रत्यावर्त म्हणतात. त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूस वारे पूर्वेकडून वाहतात. हे वारे दख्खनच्या पठारावरून येतात आणि सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतात.

उतरताना एक गंमत होते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम लागतो, हे तुम्ही अनुभवले असेल. घर्षणाने थोडी उष्णता निर्माण होते हे खरे, पण मुख्य कारण हवा दाबली जाते हे असते. डोंगरावरून खाली येणारी हवाही अशीच दाबली जाते, कारण खाली हवेचा दाब अधिक असतो. कोरडी हवा दर १०० मीटर उतरली की सुमारे १ अंशाने तापते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथील ३३ अंशांची कोरडी हवा किनाऱ्यापर्यंत उतरली, तर तिचे तपमान किती होईल? ३३ अधिक ५.६, म्हणजे ३८.६ अंश! प्रत्यक्षात वाटेत इतर हवा मिसळते, म्हणून हिशेब इतका काटेकोर जुळत नाही. पण पुण्याला सुसह्य असलेली हवा कोकणात आल्यावर का पोळते, ते यावरून कळते.

हा वारा तापलेला असतो आणि शिवाय खाऱ्या वाऱ्याला समुद्रावरच थोपवून धरतो. अखेर जमीन इतकी तापते की दाबातला फरक वाढतो आणि खारा वारा जोर करून आत घुसतो. तोवर दुपार टळलेली असते.

याचे उदाहरण फार जुने नाही. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत कमाल तपमान ३८ अंशांच्या वर गेले. त्या दिवसांसाठी मुंबईसह कोकणाच्या काही भागांना उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला होता. कॅलेंडरवर मात्र हिवाळा अजून संपायचा होता.

आता एक कोडे सोडवू. सांताक्रूझचा मार्चमधील उच्चांक ४१.७ अंशांचा आहे. तो २८ मार्च १९५६ रोजी नोंदला गेला. मे महिन्यात सूर्य मुंबईच्या माथ्यावर असतो, तरी तेथील मे महिन्याचे नेहमीचे कमाल तपमान ३३-३४ अंशांच्याच आसपास राहते. असे का व्हावे? एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावरून येणारे वारे नियमित आणि जोरदार होतात; पूर्वेच्या वाऱ्याला शिरकाव मिळत नाही. फेब्रुवारीची अखेर आणि मार्च हा दोन्ही वाऱ्यांच्या ओढाताणीचा काळ असतो.

रायगड जिल्ह्यातील भिरा हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून दूर आहे. उतरणारी हवा तेथे लगेच पोचते आणि खारा वारा उशिरा व थकून पोचतो. २८ मार्च २०१७ रोजी भिऱ्याला ४६.५ अंश तपमान नोंदले गेले होते. एकाच कोकणात किती हा फरक!

अंदाज कसा बांधतात?

वाऱ्याची दिशा केवळ जमिनीवर पाहून भागत नाही. दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत वारे कसे आहेत, हेही पाहावे लागते. त्यासाठी पहाटे आणि सायंकाळी उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडतात. उपग्रहांची आणि वेधशाळांची माहिती त्यांना जोडली जाते, आणि महासंगणक पुढच्या दिवसांचे गणित मांडतो. हे गणित पृथ्वीचे चौकोन पाडून केले जाते. २०२५ पासून भारतात ६ किलोमीटरांच्या चौकोनांची पद्धत वापरात आली आहे. कोकणपट्टी बहुतेक ठिकाणी शंभर किलोमीटरांहूनही अरुंद आहे, म्हणून तिला लहान चौकोनांचे महत्त्व अधिक. तरीही खारा वारा नेमका किती वाजता किनारा ओलांडील, हे आदल्या दिवशी सांगणे अवघडच असते. एका तासाची चूक म्हणजे एक-दोन अंशांची चूक. 'शक्यता आहे' असे अंदाजात म्हणतात, ते याचसाठी.

नमुन्याच्या अंदाजातील शेवटच्या वाक्याचा उलगडाही आता होईल. प्रत्यावर्त सरकला की पूर्वेचा वारा मंदावतो, खारा वारा वेळेवर येऊ लागतो आणि पारा उतरतो. बागायतदाराला एवढी दोन दिवसांची सूचनाही पुरते. फळे वाटाणा, गोटी किंवा अंड्याएवढी असताना प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्यावे, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे; अंड्याएवढ्या फळांवर कागदी पिशव्याही चढवतात. तुम्हालाही या सूचनेचा उपयोग आहे. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी शाळेच्या खेळाच्या स्पर्धा सकाळीच उरकाव्यात आणि पाण्याची बाटली जवळ बाळगावी.

करून पहा

१. दोन सारखे डबे घ्या. एकात कोरडी माती आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे पाणी घाला. दोन्ही तासभर उन्हात ठेवा व दर दहा मिनिटांनी तपमान नोंदवा.

२. शाळा किनाऱ्याजवळ असल्यास एका काठीला हलकी फीत बांधून मोकळ्या जागी रोवा. आठवडाभर सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत दर तासाला वाऱ्याची दिशा आणि सावलीतील तपमान लिहा. तपमानाचा आलेख काढून त्यावर वारा फिरल्याची वेळ खुणेने दाखवा. आलेखाचा चढ तेथे मोडतो का?

३. अकरा वाजता वर्गाने आपला अंदाज फळ्यावर लिहावा: आज खारा वारा किती वाजता येईल आणि कमाल तपमान किती होईल? संध्याकाळी तो ताडून पाहावा. चुकलेला अंदाज पुसून टाकू नका. तो का चुकला, हे शोधता शोधताच हवामानशास्त्र वाढले आहे.